हिप-हॉप व्हिडिओत चित्र संगीताशी कसं जुळवलेलं असतं, हे नेमकं कसं तपासायचं?

प्रश्न: हिप-हॉप म्युझिक व्हिडिओंचं विश्लेषण करायचं आहे. चित्र आणि संगीत जुळतंय हे बघताना जाणवतं, पण लिहायला बसलं की "कट बीटवर आहेत" याच्यापुढे गाडी सरकत नाही. नेमकं काय बघायचं आणि काय मोजायचं?

उत्तर:

गाडी तिथे अडते, कारण "बीट" म्हणजे कोणता आवाज हेच त्या वाक्यात सांगितलेलं नसतं. हिप-हॉपच्या एका बारमध्ये, म्हणजे चार मात्रांच्या आवर्तनात, निदान चार गोष्टी एकाच वेळी चालू असतात: किक-स्नेअर या ढोलांचा ठेका, वर किरकिरणारी हाय-हॅट ही झांज, खाली घुमणारा बास, आणि या सगळ्यांवरून आपल्याच चालीने जाणारे रॅपरचे शब्द. चित्र एका वेळी यातल्या एखाद्याचंच ऐकत असतं. ते आत्ता कोणाचं ऐकतंय आणि कुठल्या क्षणी त्याला सोडून दुसऱ्याचं ऐकायला लागतं, एवढं शोधायचं. माझ्या मते बाकी सगळी मोजणी या एका प्रश्नासाठी असते.

आधी फाइल नीट घ्या, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. अल्बममधलं गाणं आणि व्हिडिओतलं गाणं बऱ्याचदा सारखं नसतं. व्हिडिओत सुरुवातीला संवाद असतो, मध्येच गाणं थांबतं, शिव्या गाळलेल्या असतात. म्हणून टेम्पो आणि वेळा व्हिडिओच्याच आवाजावरून काढा. मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्ड केलेली फाइल वापरू नका. तिचा फ्रेम रेट मध्ये मध्ये बदलतो आणि शेवटाकडे सगळी मापं घसरतात. ब्लूटूथ हेडफोनही बाजूला ठेवा, त्यातून आवाज उशिरा पोचतो. फ्रेमगणिक पुढे सरकायला व्हीएलसीमध्ये ई ही कळ आहे. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवला की पूर्णविरामाची कळ पुढे नेते, स्वल्पविरामाची मागे. नोंदींसाठी एलान हे मोफत सॉफ्टवेअर मला सगळ्यात सोयीचं वाटतं. ते बनलंय भाषाभ्यासकांसाठी, पण एकाखाली एक समांतर पट्ट्या त्यात करता येतात आणि इथे नेमकं तेच लागतं. एक पट्टी कटची, एक स्नेअरची, एक यमकांची, एक हातवाऱ्यांची.

आता जाळी आखायची, म्हणजे कुठली मात्रा कुठल्या फ्रेमवर पडते ते मांडायचं. 24 फ्रेमच्या व्हिडिओत एका मात्रेच्या फ्रेम म्हणजे 1440 भागिले बीपीएम (दर मिनिटाच्या मात्रा). बीपीएम 90 असेल तर मात्रा 16 फ्रेमची, चार मात्रांचा बार 64 फ्रेमचा म्हणजे 2.67 सेकंदांचा, आणि 16 बारचा व्हर्स, म्हणजे रॅपचं कडवं, 42.7 सेकंदांचा. गंमत अशी की बऱ्याच फाइलींवर 24 लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात त्या 23.976 च्या असतात. तसं असेल तर 1440 च्या जागी 1438.6 घ्या. फरक किरकोळ वाटतो, पण तीन मिनिटांच्या गाण्यात जाळी शेवटी चार फ्रेमने सरकलेली असते. टेम्पोचंही तसंच. बोटाने टकटक करून 90 काढलात आणि खरा 90.5 निघाला, तर तीन मिनिटांत एक सेकंदाचा, म्हणजे दीड मात्रेचा घोळ होतो. पहिली सम पक्की करून जाळी पसरा आणि मग थेट शेवटच्या हुकवर (पुन्हा पुन्हा येणाऱ्या धृपदावर) जाऊन तिथली सम जुळते का ते बघा. जुळली नाही तर पुढे जाऊ नका.

ट्रॅप या हिप-हॉपच्या प्रकारात आणखी एक सापळा असतो. 140 बीपीएम मानलं तर स्नेअर तिसऱ्या मात्रेवर पडतो, 70 मानलं तर दुसऱ्या आणि चौथ्यावर. दोन्ही बरोबर, पण सुरुवातीला एक ठरवा आणि तेच धरून चला. नाहीतर एका परिच्छेदातला बार दुसऱ्या परिच्छेदातल्या बारच्या दुप्पट होऊन बसतो.

कट बीटवर "आहे" असं कधी म्हणायचं? चित्र-ध्वनीच्या मेळाबद्दल प्रसारणासाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची एक शिफारस आहे. तिच्यानुसार आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद आधी आला की लोकांना खटकायला लागतो, पण उशिरा आला तर साधारण 125 मिलिसेकंदांपर्यंत चालून जातो. म्हणजे चित्र तीन फ्रेम आधी बदललं तरी कान कुरकुरत नाही, पण बीटनंतर एका फ्रेमहून जास्त उशीर झाला की कट ढिला वाटतो. म्हणूनच संकलक कट बीटच्या एक-दोन फ्रेम अलीकडे ठेवतात. तुमची खिडकीही तशीच एकीकडे झुकलेली हवी: बीटच्या आधी तीन फ्रेम, प्रत्यक्ष बीटची एक आणि नंतरची एक, मिळून पाच.

आता हे गणित बघा, कारण बहुतेक लेख इथेच पडतात. 90 बीपीएमला मात्रा 16 फ्रेमची आणि खिडकी पाच फ्रेमची. डोळे मिटून कुठेही कट टाकले तरी त्यातले 31 टक्के "बीटवर" पडणार. तेव्हा "40 टक्के कट बीटवर आहेत" या निष्कर्षात फारसा दम नाही. 140 बीपीएमला अर्ध्या मात्राही बीट म्हणून मोजल्यात तर दोन खुणांमधलं अंतर 5.1 फ्रेम आणि खिडकी 5 फ्रेम. मग जगातला कुठलाही व्हिडिओ तालाला पक्का ठरेल. आपल्या टेम्पोसाठी योगायोगाची टक्केवारी आधी काढा आणि मिळालेला आकडा तिच्याशेजारी लिहा. ती नसेल तर तो आकडा लिहूच नका.

मोजून झालं की खरं काम सुरू होतं: थर वेगळे करणं. जुन्या धाटणीच्या बूम-बॅप ठेक्यात स्नेअर दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर असतो आणि ओळीचं यमकही बहुधा चौथ्या मात्रेवरच येतं. कट तिथे पडला तर तो स्नेअरसाठी की यमकासाठी, हे त्या जागी कळूच शकत नाही. अशा वेळी दोघांची फारकत होते त्या जागा शोधायच्या. रॅपर यमक अलीकडे ओढतो, ओळ पुढच्या बारमध्ये सांडते, किंवा तो एका मात्रेत तीन अक्षरं बसवणाऱ्या तिहेरी चालीवर जातो. निर्माता दोन मात्रांसाठी ढोल काढून टाकतो आणि नुसते शब्द उरतात. संपूर्ण व्हर्समध्ये असे पाच-सहा क्षणच सापडतील, पण निकाल त्यांच्यावरच लागतो. ढोल गेले तरी कट त्याच गतीने पडत राहिले, तर संकलक मनातल्या जाळीवर चालला होता. ढोल गेल्यावर कटही थांबले, तर तो ठेक्याच्या मागे होता. यमक सरकलं आणि कट त्याच्यासोबत सरकला, तर चित्र शब्दांचं आहे.

कट मोजण्याच्या नादात फ्रेमच्या आतली हालचाल निसटते, आणि हिप-हॉपमध्ये ताल बऱ्याचदा तिथेच असतो. मान डोलते, हात हवा कापतो, गर्दी उसळते, कॅमेरा दोन पावलं पुढे येतो. यांची नोंद करताना हालचाल सुरू होते ती फ्रेम धरू नका, जिथे ती पोचते ती धरा: हात थांबतो, मान सगळ्यात खाली जाते, ती फ्रेम. वरवर बघून "बेताल" ठरवलेले कितीतरी कट इथे सुटतात. कट बीटच्या सहा फ्रेम आधी असतो, कारण नव्या शॉटमधला हात बरोबर बीटवर आपटायचा असतो. कटने जागा करून दिली, बीट हाताने वाजवला.

ओठ जुळलेले आहेत पण शरीर संथ चाललंय, असा शॉट दिसला तर त्यामागे साधी युक्ती आहे. 48 फ्रेमने चित्रण करतात आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात. रॅपर त्या वेगात ओठ हलवतो. मग 24 ने दाखवलं की ओठ मूळ गाण्यावर येतात आणि गळ्यातली साखळी, धूर, कपडे निम्म्या वेगाने तरंगतात. 60 फ्रेम असतील तर गाणं अडीचपट. ओळखायचं ते कपड्यांवरून आणि पापण्यांच्या उघडझापीवरून, ओठ फसवतात. याचं टोक म्हणजे द फारसाइड या हिप-हॉप गटाच्या "ड्रॉप"चा स्पाइक जोन्झने केलेला व्हिडिओ. त्यात कलाकारांनी शब्द उलटे पाठ केले, उलटे चालत ते म्हटले आणि मग चित्रफीत उलटी फिरवली. शब्द सुलटे ऐकू येतात, पण बाकीचं जग मागे धावतं. संगीताशी बांधलेले आहेत ते फक्त ओठ. त्या गाण्यातले ढोल "जे डिला" या निर्मात्याचे आहेत, जाळीवर काटेकोर न बसणारे, म्हणून तिथे गणिताची जाळी लावण्यापेक्षा प्रत्येक स्नेअर कानाने ऐकून हाताने खूण केलेली बरी.

हाय-हॅटबद्दल थोडक्यात. 140 बीपीएमला बत्तिसाव्याचा रोल (एका मात्रेत आठ ठोके) म्हणजे दर 1.3 फ्रेमला एक ठोका. तिथे कटने पाठलाग करणं अशक्य, म्हणून तिथे लुकलुकणारा दिवा, थरथरती अक्षरं किंवा एकच फ्रेम पुनःपुन्हा येताना दिसते. कट आपोआप शोधणारी सॉफ्टवेअरं अशा लुकलुकीला हमखास कट समजतात, तेव्हा त्यांची यादी डोळ्यांनी तपासूनच घ्या. बासचं याच्या उलट. 808 चा, म्हणजे ड्रम मशीनमधून आलेल्या त्या घुमणाऱ्या बासचा, आघात क्षणभराचा आणि शेपूट लांब, त्यामुळे त्याची जोड कटपेक्षा हळू झूममध्ये किंवा विरत जाणाऱ्या थरथरीत शोधा.

शब्दार्थाकडे शेवटी वळा. म्युझिक व्हिडिओंचे अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांनी 1992 मध्ये मांडलेले तीन प्रकार अजून कामाला येतात: चित्र शब्दांचंच चित्रण करतं, त्यांचा विस्तार करतं, किंवा त्यांच्याशी फटकून राहतं. फक्त अख्ख्या व्हिडिओला एकच शिक्का मारू नका. एकाच व्हर्समध्ये तिन्ही सापडतात, म्हणून ओळीगणिक नोंद करा. रॅपर गाडी म्हणाला आणि गाडी दिसली, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ती शब्दाच्या आधी दिसली, सोबत दिसली की अर्धा बार उशिरा, त्यात सांगण्यासारखं काही असतं. आधी दिसली तर शब्द चित्राची पुष्टी करतो, उशिरा दिसली तर चित्र शब्दाला उत्तर देतं.

थर कसे वाचायचे याला चाइल्डिश गॅम्बिनोचा "धिस इज अमेरिका" (2018, दिग्दर्शक हिरो मुराई) चांगला आहे. पहिल्या पन्नासेक सेकंदांत गिटार आणि समूहस्वर, कॅमेरा सलग फिरतो. मग गोळी झाडली जाते आणि त्याच क्षणी जड ट्रॅप बास सुरू होतो. बंदुकीचा आवाज सम होऊन बसतो. इथे कट जवळजवळ नाहीतच, म्हणजे कट मोजणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ताल आहे तो पुढे नाचणाऱ्यांच्या अंगात. त्यांच्या मागे धावपळ, दंगल, माणसं पळताहेत, आणि ती मागची माणसं ठेक्यावर नाहीत. फ्रेमचा पुढचा भाग संगीत ऐकतोय, मागचा ऐकत नाही. नजर तालाकडे ओढली जाते, म्हणून मागचं दिसूनही दिसत नाही. हे लिहायचं तर दोन पट्ट्या लागतात, पुढच्यांची आणि मागच्यांची, आणि फ्रेमगणिक नोंद असली की हा अंदाज राहत नाही, दाखवता येतो.

सरासरी शॉटलांबी काढणार असाल तर पूर्ण व्हिडिओची काढू नका, त्या आकड्यात सगळं कालवलं जातं. भागागणिक काढा आणि सेकंदांऐवजी मात्रांत लिहा. समजा 90 बीपीएमच्या व्हर्समध्ये 16 शॉट आहेत आणि आठ बारच्या हुकमध्ये 32. सेकंदांत 2.67 आणि 0.67 असे कोरडे आकडे मिळतात. मात्रांत लिहिलं की चित्र उघडं पडतं: व्हर्समध्ये दर बारला एक शॉट, हुकमध्ये दर मात्रेला एक. त्यात एखादा शॉट दोन बार टिकला असेल तर आधी तिथेच जा. कॅमेरा हलायला तयार नाही, अशी ओळ बहुधा तिथे असते.

पहिल्यांदा अख्खा व्हिडिओ घेऊ नका. पहिल्या व्हर्सचे शेवटचे चार बार आणि त्यानंतरच्या हुकचे पहिले चार घ्या. 90 बीपीएमला हे 512 फ्रेम होतात, निवांत एका बैठकीचं काम. व्हर्सकडून हुककडे जाताना थरांची अदलाबदल बहुधा इथेच होते. पहिल्यांदा चित्र बंद करून ऐका आणि रचनेच्या खुणा करा, मग आवाज बंद करून बघा आणि कट-हालचालींच्या खुणा करा, आणि मगच दोन्ही एकत्र लावा. सुरुवातीलाच एकत्र बघितलं तर मेंदू जे जवळपास आहे ते जुळवून टाकतो. चित्रपटातल्या आवाजाचे फ्रेंच अभ्यासक मिशेल शिओंनी आवाज आणि चित्राच्या या परस्पर चिकटण्याला सिंक्रेसिस असं नाव दिलंय. आणि सगळे कट, सगळे हात, सगळे ओठ एकजात तीन फ्रेम उशिरा दिसले, तर त्यावर दिग्दर्शकाच्या शैलीचा परिच्छेद लिहू नका, फाइल पुन्हा उतरवून घ्या.