नोड.जेएस (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली): मेमरीत तयार झालेली पीडीएफ पावती डिस्कवर न लिहिता स्ट्रीम (डेटाचा वाहता प्रवाह) म्हणून कशी द्यायची?

तात्पुरती फाइल नको. 'स्ट्रीम' मॉड्यूलमधल्या रीडेबल.फ्रॉमला तुमचा बफर (मेमरीत धरलेला पावतीचा कच्चा डेटा) द्या, मिळेल ती स्ट्रीम अपलोडच्या फंक्शनकडे सोपवा. दादरच्या दुकानाची पावती असून असून किती केबीची असणार! रीडेबल.फ्रॉम नोडच्या आवृत्ती 12.3 पासून आहे. नोडच्या अधिकृत माहितीनुसार बफर किंवा स्ट्रिंग दिली तर वेगासाठी तिचे तुकडे पाडत नाहीत, म्हणजे चर्चगेटला गाडी रिकामी व्हावी तसा सगळा माल एकदम बाहेर. अपलोडला आकार आधी हवा असेल तर बफरची लांबी वेगळी कळवा. मात्र यात मेमरीची बचत होत नाही, डेटा आधीच तिथे बसलेला असतो. 500 एमबीचा व्हिडिओ असेल तर बफरमध्ये भरूच नका, मूळ स्ट्रीमच पाइपलाइनने (स्ट्रीम एकमेकींना जोडणाऱ्या फंक्शनने) पुढे जोडा.