भाजक, विभाजक, अवयव: 9,99,999 च्या निमित्ताने

प्रश्न असा आहे: 9,99,999 या संख्येचे 'अवयव' एके ठिकाणी 5 दिले आहेत, दुसरीकडे 7 आणि तिसरीकडे 64. बरोबर कोणते? आणि भाजक, विभाजक, अवयव हे एकच का?

तिन्ही आकडे बरोबर आहेत. घोळ 'अवयव' हा शब्द मोघम वापरल्यामुळे होतो.

आधी भाजक. भागाकार मांडला की ज्याने भागायचे तो भाजक, मग बाकी उरो वा न उरो. 9,99,999 ला 8 ने भागले तर भागाकार 1,24,999 आणि बाकी 7. इथे 8 भाजक आहे, विभाजक नाही. निःशेष भाग गेला तरच विभाजक म्हणायचे. 7 ने निःशेष भाग जातो आणि भागाकार येतो 1,42,857, म्हणून 7 विभाजक, आणि 1,42,857 हाही विभाजकच. (मसावितला 'वि' हाच, महत्तम सामाईक विभाजक. लसावितला 'वि' मात्र विभाज्य. तिथे पुष्कळांची गल्लत होते.)

अवयव म्हणजे ज्यांच्या गुणाकारातून संख्या बनते ते भाग. 999 × 1001 हेही 9,99,999 चे अवयव झाले, पण मूळ अवयव नव्हेत. ते हवे असतील तर अवयव शेवटपर्यंत पाडावे लागतात. 3 ने भागा: 3,33,333. पुन्हा 3 ने: 1,11,111. बरेच जण इथे थांबतात, कारण नुसते एक पाहून संख्या मूळ वाटते. पण अंकांची बेरीज 6 आहे, म्हणजे 3 ने अजून एकदा भाग जातो: 37,037. आता बेरीज 20, 3 संपला. 37,037 म्हणजे 37 × 1001. 1001 सुद्धा दिसायला मूळ, पण ती 7 × 11 × 13 आहे.

म्हणून 9,99,999 = 3 × 3 × 3 × 7 × 11 × 13 × 37. भिन्न मूळ अवयव 5, पुनरावृत्ती धरून 7. लिहिताना 'भिन्न' किंवा 'पुनरावृत्तीसह' हा शब्द गाळू नये, माझ्या मते सगळी गफलत तिथेच आहे.

64 ही विभाजकांची संख्या. एखाद्या विभाजकात 3 हा शून्य, एक, दोन किंवा तीन वेळा येऊ शकतो, म्हणजे 4 पर्याय. बाकीच्या चौघांपैकी प्रत्येक असेल किंवा नसेल, म्हणजे 2-2 पर्याय. 4 × 2 × 2 × 2 × 2 = 64. यात 1 आणि खुद्द 9,99,999 धरलेले आहेत. 'शून्य वेळा' मोजायचे विसरले की 4 ऐवजी 3 घेतले जातात आणि उत्तर 48 येते. 1 हा विभाजक आहे, मूळ अवयव नाही. मूळ संख्येला बरोबर दोन विभाजक लागतात, 1 ला एकच आहे.