एमपीएच : प्रवेशापूर्वी आणि प्रवेशानंतर
(वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं)

प्रश्न : खाजगी विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी (एमपीएच) घ्यायची आहे. तीन विद्यापीठांची माहितीपत्रकं आणली, पण तिन्हींतला अभ्यासक्रम जवळपास सारखाच आहे. निवड कशावरून करायची?

उत्तर : अभ्यासक्रम सारखाच दिसणार. साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, पर्यावरण आणि आरोग्य, आरोग्य धोरण व व्यवस्थापन, आणि आरोग्याची सामाजिक व वर्तनविषयक बाजू हे पाच विषय या पदवीचा पारंपरिक गाभा आहेत. म्हणून विषयांची यादी बाजूला ठेवा. विद्यापीठाची मान्यता याच अभ्यासक्रमाला आणि तुमच्या प्रवेशाच्या वर्षाला लागू आहे का, हे नियामक संस्थेच्या यादीत स्वतः बघा. प्रवेश विभागाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. फीचा आकडा संपूर्ण अभ्यासक्रमाचा आणि लेखी मागा. त्यात परीक्षा शुल्क, फील्डवर्कचा प्रवास आणि प्रबंधाला मुदतवाढ लागली तर पडणारा दंड धरलाय का, तेही विचारा.

एवढं झालं की सरळ ग्रंथालय गाठा आणि मागच्या दोन बॅचचे प्रबंध बघायला मागा. शीर्षक आणि ‘नमुना कुठून घेतला’ हा परिच्छेद वाचला तरी पुरे. बहुतेक प्रबंध ‘महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे अमुक आजाराविषयीचे ज्ञान आणि दृष्टिकोन’ याच साच्यातले असतील, तर विभागाची आरोग्य केंद्रांत ऊठबस नाही असं समजायला जागा आहे. मुलांनी जवळच्या वसतिगृहात प्रश्नावल्या वाटून वेळ भागवलेली असते. याउलट लसीकरणाच्या नोंदी, क्षयरोगाच्या उपचारातली गळती, एखाद्या वस्तीतल्या पाण्याची तपासणी असे विषय दिसले, तर तिथे प्रत्यक्ष काम शिकायला मिळण्याची शक्यता मोठी. खाजगी विद्यापीठाकडे स्वतःची आरोग्य केंद्रं तरी हवीत, नाहीतर आरोग्य खात्याशी लेखी करार हवा. करार असेल तर तो कोणत्या तारखेपर्यंत चालू आहे आणि विद्यार्थ्यांना तिथल्या नोंदी हाताळू देतात का, हे विचारायला संकोच करू नका.

साथरोगशास्त्र आणि जैवसांख्यिकीला पूर्णवेळ शिक्षक आहेत ना, एवढं नक्की बघा. पाहुणे व्याख्याते उत्तम शिकवून जातात, पण विश्लेषण ऐन वेळी अडलं की विचारायला कुणी सापडत नाही.

प्रश्न : माझी पदवी समाजशास्त्राची आहे. जैवसांख्यिकी झेपेल का?

उत्तर : झेपेल. सुरुवातीला टक्केवारी, गुणोत्तर आणि आलेख वाचता आला की पुरतं. किचकट आकडेमोड आर किंवा एपी इन्फो ही मोफत सॉफ्टवेअर करतात. अडचण येते ती उत्तराचा अर्थ लावताना. एक काल्पनिक उदाहरण घ्या. एका वसाहतीत जुलाबाची साथ आली. ‘अ’ टाकीचं पाणी प्यायलेल्या 80 जणांपैकी 48 आजारी पडले, न प्यायलेल्या 60 जणांपैकी 6. आजारी पडण्याचं प्रमाण अनुक्रमे 60 टक्के आणि 10 टक्के, म्हणजे धोका सहापट. याच आकड्यांवरून ऑड्स रेशो काढला, म्हणजे प्रत्येक गटात आजारी पडलेले आणि न पडलेले यांचं गुणोत्तर काढून दोन्हींची तुलना केली (पाणी प्यायलेल्यांत 48 ला 32, न प्यायलेल्यांत 6 ला 54; म्हणजे 48 आणि 54 चा गुणाकार भागिले 32 आणि 6 चा गुणाकार), तर उत्तर 13.5 येतं. अनेक विद्यार्थी इथे ‘धोका साडेतेरापट’ असं लिहून मोकळे होतात, आणि ते चूक आहे. आजार विरळ असेल तेव्हाच हे दोन आकडे जवळपास सारखे येतात. इथे तर 140 पैकी 54 जण आजारी आहेत. असे चार आकड्यांचे चौकोनी तक्ते (प्यायले-न प्यायले, आजारी-बरे) हाताने सोडवत राहा. सूत्र पाठ करून हे कळत नाही.

प्रश्न : नोकरी सांभाळून ऑनलाइन करता येईल का?

उत्तर : सिद्धान्ताचा भाग, हो. फील्डवर्कसाठी मात्र सलग काही आठवडे रजा लागू शकते. ती मिळणार नसेल तर प्रवेश पुढच्या वर्षावर ढकला.

प्रश्न : प्रबंध वेळेत पूर्ण होत नाहीत असं सीनियर सांगतात. गाडी नेमकी कुठे अडते?

उत्तर : बहुतेक वेळा एथिक्स कमिटीपाशी, म्हणजे अभ्यासात भाग घेणाऱ्यांचं हित जपलं जातंय का हे तपासणाऱ्या समितीपाशी. समितीची बैठक रोज होत नाही, आणि पहिल्या खेपेला दुरुस्त्या हमखास निघतात. संमतीपत्र साध्या भाषेत नाही, नाव आणि आजाराची माहिती एकाच कागदावर आहे, अल्पवयीनांच्या पालकांची संमती घेतलेली नाही, हे नेहमीचे आक्षेप. माहिती आधी गोळा करून परवानगी मागाहून मिळवता येत नाही. असा अर्ज नाकारला जातो आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून विषय ठरला की बैठकांच्या तारखा आधी काढा.

दुसरी अडचण नमुन्याच्या आकाराची. तुम्ही मोजताय त्या गोष्टीचं प्रमाण अंदाजे 50 टक्के, पाच टक्क्यांची चूक चालेल आणि 95 टक्के विश्वासपातळी (शंभरातल्या 95 वेळा अंदाज या मर्यादेत यावा), असं धरलं तर 385 माणसं लागतात. हा आकडा साध्या यादृच्छिक निवडीचा आहे, म्हणजे संपूर्ण यादीतून चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली तर. वस्त्या किंवा गावं निवडून त्यांतली घरं घेणार असाल तर एकाच वस्तीतली माणसं बऱ्याच बाबतींत एकसारखी असतात, त्यामुळे आकडा वाढवावा लागतो. दुप्पट केला तर 770. दहा टक्के लोक उत्तर देणार नाहीत असं धरलं तर 770 ला 0.9 ने भागा, 856 येतील. नुसते दहा टक्के मिळवले तर 847 होतात, आणि त्यातून गळती वजा केली की 762 उरतात, म्हणजे आठ माणसं कमी.

तिसरी गोष्ट माहिती भरण्याची. ‘उत्तर दिलं नाही’ यासाठी 99 हा संकेत वापरायची पद्धत आहे. समजा 200 स्त्रियांना मुलांची संख्या विचारली. त्यातल्या 190 जणींची सरासरी 2 आहे आणि 10 जणींपुढे 99 लिहिलंय. तसंच विश्लेषण केलं तर सरासरी 6.85 येते! इतका मोठा आकडा निदान डोळ्यांत तरी भरतो. वयाच्या रकान्यात हीच चूक सहज लपून जाते. म्हणून कोणत्या रकान्यात कोणता संकेत म्हणजे काय, याची वही पहिली प्रश्नावली भरण्याआधी तयार ठेवा आणि विश्लेषणापूर्वी प्रत्येक रकान्याची किमान आणि कमाल किंमत काढून बघा.