मुंजा तुझ्या वाचकाच्याच वयाचा

अरे, तुझी भुताची कथा वाचली. रक्त, किंकाळी, अमावस्या, सगळं पहिल्याच पानावर उधळलंस. मग उरलेली अकरा पानं वाचकाने घाबरायचं कशाला? किशोरांसाठी लिहितोयस ना, मग त्यांची रोजची भीती आधी पकड: मधल्या सुट्टीत डबा खायला कुणी न बोलावणं, दाराआड आई-बाबांची कुजबुज. भूत त्यातूनच येऊ दे. आपला मुंजाच घे. मुंज झालेला, पण सोडमुंजीआधीच, म्हणजे मुंजीचं व्रत सुटायच्या आधीच गेलेला, पिंपळावर राहणारा पोरगा. त्याला सुळे कशाला लावतोस? तो एकटा पडलाय, एवढं पुरे.

तुझ्या कथेतल्या मुलाला मोबाइलवर स्वतःचाच झोपेतला फोटो सापडतो, तो प्रसंग झकास. फक्त तिथला ‘भयानक’ हा शब्द खोड. “हा तू काढलास?” असं आईला विचारताना त्याचा आवाज चिरकतो, तेवढंच ठेव.

वाचायला नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा घेच. (आम्ही सातवीत धारप अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायचो.) मतकरींची साधी, घरगुती माणसं कुठल्या वाक्याला खटकायला लागतात, तिथे पेन्सिलने खूण कर.

आणि पुढचा खर्डा भाचीला मोठ्याने वाचून दाखव. ती मध्येच पाणी प्यायला उठली, तर तेवढा भाग परत लिही.