प्लास्टरमध्ये झाकलं जाईल म्हणतात, ऐकायचं का?

प्रश्न: नवीन घराच्या भिंती लिंटलपर्यंत, म्हणजे दार-खिडक्यांच्या वरच्या तुळईपर्यंत आल्यात. मला बांधकामातलं फारसं कळत नाही पण काही ठिकाणी दोन विटांमधून चक्क उजेड दिसतोय, माल (सिमेंट-वाळूचं कालवण) सगळीकडे सांडलाय, थरही वरखाली वाटतात. ठेकेदार म्हणतो प्लास्टर झालं की काही दिसणार नाही. काम खरंच खराब आहे की मीच उगाच किरकिर करतोय?

उत्तर: दिसणार नाही हे तो खरंच बोलतोय, अडचण तीच आहे!

सांडलेला माल, एखादी कोपरा उडालेली वीट, रंगात फरक, हे सोडून द्या. उजेड मात्र सोडू नका. गवंडी विटेखाली माल पसरतो पण घाईत विटेच्या टोकाला लावत नाही, मग उभे सांधे पोकळ राहतात आणि पुढे ओल आत यायला वाट मिळते. स्क्रूड्रायव्हर घालून बघा, किती आत जातो ते.

मग जरा लांब उभं राहून उभ्या सांध्यांकडे बघा. खालच्या थराचा सांधा वरच्या विटेच्या साधारण मधोमध यायला हवा, तीन-चार थरांत सांधे एकावर एक आलेले दिसले तर तडा तिथूनच जाणार. आडवा सांधा साधारण 10 मिलिमीटरचा असतो, तो कुठे 10 कुठे 25 असेल तर दोरी न लावता काम झालंय किंवा विटाच वेड्यावाकड्या आहेत.

ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं दोऱ्याला बांधलेलं वजन) तर स्वतःच लावा, दोऱ्याला जड नट बांधला तरी चालतो, वरून सोडायचा आणि दोरा ते भिंत अंतर वर, मध्ये, खाली मोजायचं. 5-6 मिलिमीटरचा फरक ठीक आहे पण इंचभर निघाला तर तो प्लास्टरनेच भरून काढणार, आणि जो थर 12-15 मिलिमीटरचा असतो तो तिथे दुप्पट-तिप्पट जाड होऊन नंतर फुगतो, सुटतो.

आडवी भिंत मुख्य भिंतीला मिळते तिथे विटा एकमेकींत गुंतल्यात का बघा. नुसती चिकटवली असेल तर त्या कोपऱ्यात उभी चीर येते, मग कितीही पुट्टी भरा.

आता माल. आठवड्याभराने सांध्यावर खिळा ओढा. थोडा ओरखडा उठला तर ठीक, वाळू भुरभुर गळली तर सिमेंट कमी पडलंय, किंवा कोरड्या विटा लावल्यात ज्यांनी मालातलं पाणीच पिऊन टाकलं, किंवा घट्ट झालेल्या मालात परत पाणी घालून तोच वापरलाय (हे फार चालतं), किंवा निदान सात दिवस भिंतीवर पाणी मारलंच नाही. नेमकं काय ते बघून सांगता येत नाही, पण तो भाग उतरवायला सांगायला एवढं पुरे आहे.

पोकळ सांधे आत्ता खरवडून भरून घेता येतात, ओळंब्यात नसलेली भिंत मात्र उतरवावीच लागते. टेप धरून फोटो काढा, इंजिनिअरला साइटवर बोलवा, तोपर्यंत प्लास्टरचा माल कालवू देऊ नका.