एकाच महिन्याचे दोन मथळे

नमस्कार ताई,

तुमचा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे 2025मध्ये बेरोजगारी 5.1वरून 5.6 टक्क्यांवर गेल्याचं तुम्ही वाचलं. नंतर त्याच महिन्यात पीएफमध्ये विक्रमी 20.06 लाख सभासदांची भर पडल्याचंही वाचलं. मग खरं काय मानायचं आणि शाखा बदलून कॉम्प्युटर घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही आकडे खरे आहेत, मोजमाप वेगळं आहे.

पहिला आकडा राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या घरोघरच्या पाहणीचा. एप्रिल 2025पासून तो दरमहा मिळतो. मागच्या सात दिवसांत एक तासही काम केलं नाही, पण काम शोधलं किंवा करायची तयारी होती, तो बेरोजगार. ज्याला कामच नको होतं, तो या हिशेबात येत नाही. म्हणून बेरोजगारीच्या दरासोबत श्रमशक्ती सहभाग दर, म्हणजे शंभरातले किती जण काम करतात किंवा शोधतात, हेही वाचायलाच हवं. मे महिन्यात हा दरही 55.6वरून 54.8 टक्क्यांवर आला होता. रब्बीची कापणी संपते, उन्हामुळे बाहेरची कामं मंदावतात. सरकारनेही हेच कारण दिलं. या आकड्यांतून हंगामाचा परिणाम वगळलेला नसतो, त्यामुळे मेची तुलना एप्रिलशी नको, पुढच्या वर्षीच्या मेशी करा.

पीएफचा आकडा म्हणजे नवे सभासद अधिक परतलेले, वजा बाहेर पडलेले. त्या 20.06 लाखांत अगदी नवे 9.42 लाखच होते. शिवाय 19 कामगारांच्या कारखान्यात विसावा आला की पीएफचा कायदा लागू होतो आणि जुने कामगारही ‘नवे’ म्हणून नोंदले जाऊ शकतात. कंपन्या विवरणं उशिरा भरतात, म्हणून आकडा पुढे दुरुस्तही होतो. त्यातली उद्योगनिहाय वाढ बघताना ‘तज्ज्ञ सेवा’ या नावाने फसू नका. त्यात मोठा वाटा मनुष्यबळ पुरवठादार आणि सुरक्षा सेवांचा असतो.

मुलासाठी अधिक जवळचा आकडा 15 ते 29 वयोगटातल्या बेरोजगारीचा: एप्रिलमध्ये 13.8, मेमध्ये 15 टक्के. हे प्रमाण मोठं आहे आणि तुमची काळजी रास्त आहे. पण त्यात मेकॅनिकल, कॉम्प्युटर, कला शाखा सगळे एकत्र आहेत. शाखा बदलायचा निर्णय त्यावरून निघत नाही. वर्ष मात्र वाया जाऊ शकतं.

त्यापेक्षा कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाकडे मागच्या तीन बॅचची यादी मागा. किती जण पात्र होते, किती जणांना नोकरी लागली, पगार उतरत्या क्रमाने लावले तर मधोमध कोणता येतो, आणि वर्षभराने किती जण टिकले? सर्वांत मोठं पॅकेज विचारू नका. मग जवळच्या एमआयडीसीतल्या चार-पाच कारखान्यांत डिप्लोमाधारकांना अप्रेंटिस म्हणून घेतात का, सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रं) किंवा पीएलसी (यंत्रांचं स्वयंचलित नियंत्रण) येणाऱ्याला पुढे कायम करतात का, हे मुलाने स्वतः जाऊन विचारावं. ही माहिती पुढच्या सत्राची फी भरण्याआधी हाती हवी. ती आली की मला पाठवा, शाखेचं तेव्हा ठरवू.