आईला विसरायला होतंय, ब्राह्मी सुरू करू का? इंदूरला कुठली घ्यावी?

आधी पानं बघा. राजवाड्याजवळच्या पंसाऱ्याकडे मी ब्राह्मी मागितली, तर त्याने लांब देठाची, गोल, कातरलेल्या कडांची पानं पुढे केली. ती मंडूकपर्णी. खरी नीरब्राह्मी म्हणजे ओलीत पसरणारी वेल, पानं बारीक, जाडसर, जवळपास बिनदेठाची, चव कडूजहर. मंडूकपर्णीही वाईट नाही हं, चरकांच्या चार मेध्य रसायनांत, म्हणजे बुद्धी-स्मरणासाठीच्या औषधांत, तीच आहे. बाकीची तीन: ज्येष्ठमध, गुळवेल, शंखपुष्पी.

नीरब्राह्मीच्या अर्कावर माणसांत चाचण्या झाल्यात. साधारण 300 मिलिग्रॅम रोज, 12 आठवडे. आठवण्यात थोडा फरक दिसला. थोडाच! स्मृतिभ्रंश बरा होत नाही. अनशापोटी घेतली तर मळमळतं, म्हणून जेवणानंतर.

आईंना फिटच्या गोळ्या चालू असतील तर शंखपुष्पीचं सिरप मुळीच देऊ नका, फेनिटॉइन या फिटच्या औषधाची रक्तातली पातळी घसरते. आणि वेलींच्या आधी बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्या. आमच्या मावशीचं महिनाभर ब्राह्मीघृत (ब्राह्मीचं औषधी तूप) चाललं, निघालं बी-12 कमी.